लेखाखालचं नाव

गेल्या वर्षी श्रावणात मावशीचा फोन आला. "अगं, तुला एक पाठवलंय, आधी वाच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं बघ. असं लिहिता आलं पाहिजे माणसाला." उघडून पाहिलं तर तो माझाच लेख होता. सहा वर्षांपूर्वी फेसबुकवर टाकलेला, आईच्या मोबाइलमधल्या न पुसलेल्या नंबरांविषयीचा. शब्दन् शब्द माझा. शेवटी चार गुलाब, जोडलेले हात आणि खाली नाव : व. पु. काळे.

व. पु. २००१ साली गेले. व्हॉट्सॲप २००९ साली आलं. लेखाच्या दुसऱ्याच ओळीत दोन निळ्या खुणांचा उल्लेख आहे. मावशीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "असेल गं, पण त्यांना सगळं आधीच कळायचं."

मावशीच्या त्या गटात दोनशेच्या वर माणसं आहेत. तिच्यापर्यंत पोचण्याआधी लेख किती गटांतून फिरला असेल याचा अंदाज बांधणं मी सोडून दिलं. माझ्या तीन पुस्तकांना मिळून जेवढे वाचक लाभले, त्याहून जास्त जणांनी तो वाचला असणार. त्यातून एक रुपया मिळाला नाही, मावशीचा सल्ला तेवढा मिळाला.

कार्यशाळांना जाते तिथे विशीतली मुलं हमखास विचारतात, "मॅडम, आता ऑनलाइनच्या जमान्यात रायटर म्हणून करिअर होऊ शकतं का?" मी त्यांना आधी मावशीची गोष्ट सांगते आणि मग माझी हिशेबाची वही काढते. अकरा वर्षं मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवलं. हा शब्द ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. २०१९ साली ते सोडलं आणि लिहिण्यावर जगायचं ठरवलं. तेव्हापासूनचा प्रत्येक रुपया त्या लांबट वहीत आहे. हा लेखही त्या वहीवरूनच लिहिते आहे.

मराठीत लिहून पोट भरत नाही, हे वाक्य आपण अशा थाटात म्हणतो की ती तक्रार आहे की मिरवणं, हेच कळत नाही. आपल्या साहित्याचा इतिहास हा हजेरीपटाचाही इतिहास आहे. स्वतः व. पु. मुंबई महानगरपालिकेत वास्तुविशारद होते. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत. अरुण कोलटकर जाहिरातींच्या जगात काम करत. नारायण सुर्वे आधी शाळेत शिपाई आणि मग शिक्षक झाले. रत्नाकर मतकरींनी १९७८ पर्यंत बँक ऑफ इंडियात नोकरी केली आणि मग लेखन-नाटकाला पूर्ण वेळ दिला. पगार बँक द्यायची, पालिका द्यायची, कॉलेज द्यायचं; साहित्य उरलेल्या वेळात व्हायचं. उरलेल्या वेळात इतकं मोठं काम झालं याचं कौतुक आहेच. पण ज्यांना बँकेची नोकरी मिळाली नाही, ज्यांच्याकडे उरलेला वेळच नव्हता, अशा किती जणांचं लेखन आपल्यापर्यंत आलंच नाही, ते कोण मोजणार?

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्या लेखकाचं वर्ष आषाढात सुरू होतं. संपादकांचे फोन येतात, गणपतीच्या आत मजकूर जातो, दिवाळीत अंक येतो. मानधन आलं तर संक्रांतीच्या सुमारास येतं. पूर्वी मनीऑर्डरने यायचं, आता मोबाइल किणकिणतो. रक्कम पाहून मात्र मनीऑर्डरचीच आठवण होते.

पुस्तकाचा हिशेब तर चौथीतल्या मुलालाही जमेल. तीनशे रुपयांचं पुस्तक, पाचशेची आवृत्ती, छापील किमतीवर दहा टक्के रॉयल्टी. सगळ्या प्रती खपल्या तर पंधरा हजार. खपायला दोन वर्षं लागली तर महिन्याला सहाशे पंचवीस. आमच्या गल्लीत घरोघरी वर्तमानपत्र टाकणारा मुलगा यापेक्षा जास्त कमावतो, आणि तो रोज पहाटे साडेचारला उठतो हेही खरं. हजाराची आवृत्ती आता पाचशेवर, कधी तीनशेवर आली आहे. मागणी येईल तशा पाच-पंचवीस प्रती छापून देणारी यंत्रं आल्यामुळे पुस्तक 'संपलं' असं होत नाही. ते संपत नाही म्हणून दुसरी आवृत्तीही निघत नाही.

मग इंटरनेटने काय बदललं? पैशाच्या आधी लिपी बदलली. मायबोली हे संकेतस्थळ १९९६ पासून आहे. परदेशी गेलेल्या मंडळींनी तेव्हा मराठी लिहिण्यासाठी केलेल्या खटपटी आज ऐकायला गमतीच्या वाटतात. युनिकोड रुळल्यावर आणि फोनवर देवनागरी कळफलक आल्यावर ज्यांनी कधी टायपिस्टकडे हस्तलिखित दिलं नव्हतं अशी माणसं लिहू लागली. छापखान्यात मात्र जुने फाँट बरीच वर्षं टिकून राहिले. माझ्या पहिल्या पुस्तकात मी सह्याद्रीच्या दऱ्यांवर एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं. युनिकोडमधला मजकूर छापखान्याच्या फाँटात गेला आणि तो आडवा, पापणीसारखा र वाटेत पडला. पुस्तकभर सह्याद्रीत 'दर्या' उसळतो आहे. एका समीक्षकाला ती प्रतिमा आवडली.

लिहिणं सोपं झालं, वाचणारे वाढले, पण लेखकाच्या हाती काही पडायला आणखी बराच काळ गेला. गुगलची जाहिरात-सेवा हिंदी मजकुराला २०१४ च्या अखेरीस मिळाली. मराठीला त्यानंतर काही वर्षं थांबावं लागलं. अमेझॉनने डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर हिंदी, तमिळ, गुजराती, मल्याळम यांच्याबरोबर मराठी पुस्तकं आणली. नोव्हेंबर २०१७ मध्ये स्टोरीटेल ही स्वीडिश कंपनी भारतात उतरली ती मराठी, हिंदी आणि इंग्रजी घेऊन. दक्षिणेतल्या मोठ्या भाषांआधी मराठीला ऐकणारे आहेत हे कुणा परक्याला वाटलं, याचा मला आजही जरा अचंबा वाटतो.

किंडलवर पुस्तक स्वतः चढवता येतं. किंमत आणि अटींनुसार लेखकाला ३५ किंवा ७० टक्के मिळतात. दहा टक्क्यांची सवय असलेल्या माणसाला हे आकडे पाहून झीट यावी. पण प्रकाशक जे करतो ते सगळं आता तुम्हीच करायचं : मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, किंमत, जाहिरात, आणि आपल्या पुस्तकाला पाच तारे द्या म्हणून आतेभावाला केलेली विनवणी. वर्गणीदार वाचकाने तुमचं पुस्तक उघडलं तर त्याने वाचलेल्या पानांवर पैसे मिळतात. माझ्या एका कथासंग्रहाचं पान-मोजणीचं कोष्टक मी महिनाभर रोज पाहत होते. आकड्यांवरून अंदाज आला, चौथ्या कथेच्या मध्यावर वाचक उठून जात असावेत. छापील पुस्तकाने हे मला कधी सांगितलं नसतं. कथा पुन्हा वाचली, तर तिथे दीड पान निसर्गवर्णन होतं आणि ते खरंच कंटाळवाणं होतं. दुसऱ्या महिन्यापासून मात्र ते कोष्टक पाहणं मी बंद केलं. दर पानाला वाचक उठेल या धाकाने लिहिलेलं गद्य कसं होतं, ते मी दुसरीकडे पाहिलं होतं.

ते 'दुसरीकडे' म्हणजे क्रमशः कादंबऱ्यांची ॲप. त्यांतलं आपल्याकडे सर्वांत परिचित प्रतिलिपी, २०१४ साली बंगळूरला सुरू झालेलं. रोज किंवा एक दिवसाआड एक भाग, प्रत्येक भागाच्या शेवटी दारावरची बेल, आणि खाली 'पुढचा भाग कधी?' अशा शेकडो विचारणा. पुढचे भाग आधी वाचायचे तर वर्गणी किंवा कॉइन्स, आणि त्यातला वाटा लेखकाला. साहित्यिक वर्तुळात या लेखनाचं नाव काढलं की चेहरे आंबट होतात. मला ते नाक मुरडणं पटत नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजारांहून जास्त रहस्यकथा लिहिल्या, तेव्हाही हेच चेहरे होते. आज त्याच पिढीतले आजोबा अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड या नायकांच्या आठवणी सांगताना थकत नाहीत. वाचनाची गोडी लावणाऱ्या माणसाला आपण फार उशिरा नमस्कार करतो.

माझ्या ओळखीत एक बाई आहेत. शिवणकाम करतात. रात्री जेवणं आटोपली की फोनवर अंगठ्याने हजार-बाराशे शब्द लिहितात. मी त्यांना विचारलं, आराखडा कसा करता? त्या म्हणाल्या, "आराखडा कसला? काल वाचणाऱ्या काय म्हणाल्या ते बघायचं. त्यांना सासू आवडायला लागली तर सासूला मारायचं नाही." हसू येतं, पण ह. ना. आपट्यांच्या कादंबऱ्याही नियतकालिकांतून प्रकरणाप्रकरणानेच आल्या होत्या, आणि वाचक तेव्हाही पत्रं लिहीतच असणार. या पद्धतीतला तोटा वेगळा आहे. कादंबरी संपवता येत नाही. एकशे ऐंशी भाग झाले, गोष्ट शंभराव्यातच संपली होती, पण थांबलं की उत्पन्न थांबतं. बाईंच्या मनगटाला आता पट्टा आहे.

ऐकण्याच्या माध्यमावर मात्र मी जरा रेंगाळणार आहे, कारण लेखक म्हणून मला सर्वांत जास्त शिकवलं ते त्यानेच. आपल्याकडे ही गोष्ट नवी नाहीच. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर गावोगावी कथाकथन करत. व. पुं.च्या कथाकथनाच्या कॅसेटी घराघरांत होत्या. मावशीने व. पु. वाचले त्याहून जास्त ऐकलेच आहेत. तेव्हा लेखक स्वतः बोलायचा. आता कुणी निवेदक बोलतो आणि ऐकणारा पोळ्या लाटत असतो किंवा एसटीत खिडकीशी बसलेला असतो. त्याला मागचं पान उलटून पाहता येत नाही. मी पहिली ऑडिओ मालिका लिहिली तेव्हा दोन बहिणींची नावं मीना आणि मीरा ठेवली होती. कागदावर देखणी दिसली, पण ध्वनिमुद्रणाच्या दुसऱ्या दिवशी निवेदिकेने हात जोडले. एकीची सुलोचना केली.

कंस ऐकू येत नाही. उद्गारचिन्ह ऐकू येत नाही. 'तो म्हणाला', 'ती म्हणाली' डोळा सहज ओलांडून जातो, कानाला ते खड्यासारखं लागतं. लांब वाक्यात क्रियापद शेवटी येतं ही आपल्या भाषेची चाल. ऐकणाऱ्याने तोवर काय काय धरून ठेवायचं? म्हणून मी आता प्रत्येक मजकूर मोठ्याने वाचते, छापायचा असला तरी. जिथे श्वास संपतो तिथे वाक्य तोडते. माझं गद्य त्यामुळे सुधारलं असं माझं मत आहे. गावंढळ झालं असं एका जुन्या मित्राचं मत आहे. दोन्ही वहीत लिहून ठेवली आहेत.

आता वहीतलं मुख्य पान. २०१४ साली माझी पहिली कादंबरी निघाली. प्रकाशकाने दीड पानाचा करार पुढे ठेवला. 'सर्व माध्यमांतील सर्व हक्क' एवढे शब्द त्यात होते आणि एक ठोक रक्कम. मी न वाचता सही केली. पुस्तक निघतं आहे याच्या आनंदात माणूस काय काय करतो! पाच-सहा वर्षांनी त्याच कादंबरीसाठी ऑडिओची विचारणा आली. प्रकाशक म्हणाले, हक्क आमच्याकडे आहेत, तुमचा संबंध नाही. मी रडून मोकळी झाले. मग एका वकील मैत्रिणीने तो कागद मागून घेतला, वाचला आणि म्हणाली, "यात मुदत कुठे लिहिलीये?"

लिहिलेलीच नव्हती. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याचं एकोणिसावं कलम प्रत्येक लेखकाने, निदान सही करण्याच्या आदल्या रात्री, वाचावं. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी हवेत आणि देणाऱ्याची सही हवी. करारात मुदत नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर हक्क फक्त भारतापुरते जातात. घेणाऱ्याने वर्षभरात एखादा हक्क वापरला नाही, तर करारात वेगळं काही नसल्यास तो परत येतो. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक दार लावलं : करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं किंवा व्यवहारात नव्हतं, त्याचे हक्क, त्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय, त्या कराराने जात नाहीत. माझ्या प्रकाशकाचा आळस माझ्या कामी आला. पाच वर्षं उलटली होती, कादंबरी माझी मला परत मिळाली होती आणि मला पत्ताच नव्हता. ऑडिओचा करार मी स्वतः केला. त्याची रक्कम छापील आवृत्तीच्या तिप्पट होती.

त्या दिवशी मला कळलं की लेखकाकडे विकायला शब्द नसतात, हक्क असतात. पूर्वी हा हक्क एका तुकड्याचा होता, पुस्तक छापण्याचा. कुणाच्या नशिबी नाटक-सिनेमा आला तर दुसरा तुकडा. आता त्याच मजकुराचे छापील, ई-पुस्तक, ऑडिओ, ऑडिओ-नाट्य, वेबमालिका, भाषांतर असे तुकडे होतात आणि प्रत्येकाचा गिऱ्हाईक वेगळा असतो. डिजिटल युगाने मराठी लेखकाला पगार दिला नाही. वाटे करून दिले. आणि आपण अजून सगळं एकत्र बांधून, वर 'आभारी आहे' लिहून देऊन टाकतो.

हे वाटे कधी कामाला येतील सांगता येत नाही. सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' १९८२ साली आली. लेखक २००३ साली गेले. सिनेमा २०१३ साली आला आणि कॉलेजातल्या नव्या पिढीने कादंबरी पुन्हा शोधून वाचली. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट टिकतो. शिरवळकरांचा २०६३ च्या ३१ डिसेंबरपर्यंत आहे. साने गुरुजींचा २०१० च्या अखेरीस संपला, म्हणून आज 'श्यामची आई' कुणीही छापू शकतं. एवढी लांब पल्ल्याची मालमत्ता आपल्याकडे आहे, आणि आपण तिचा करार उसाच्या रसाच्या पावतीसारखा खिशात कोंबतो.

दिवाळी अंकाचंही तसंच. बाहेरच्या लेखकाने मानधन घेतलं म्हणजे लेख संपादकाचा झाला असं होत नाही. कशावर सही केली नसेल तर अंकात छापण्याची परवानगी दिली, एवढाच त्याचा अर्थ. तोच लेख पुढे कुणी ध्वनिमुद्रित करून यूट्यूबवर टाकला तर विचारायचा हक्क तुम्हाला आहे. अलीकडच्या करारांत मी आणखी दोन गोष्टी शोधते : यंत्राच्या आवाजात वाचून घेण्याची मुभा आणि कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवण्यासाठी मजकूर वापरण्याची मुभा. असतील तर त्या ओळींवर रेघ मारते आणि बाजूला सही करते. अजून तरी यावरून कुणी करार मोडलेला नाही.

'पीडीएफ आहे का?' हा प्रश्न मात्र कोणत्याही कराराने सुटत नाही. पुस्तक येऊन आठवडा झाला नाही की टेलिग्रामवर ते हजर. विचारणारे चोर नसतात, चांगले वाचक असतात. आठशे रुपयांचा पिझ्झा मागवताना पिझ्झ्याची पीडीएफ मागत नाहीत एवढंच. कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. पण कथासंग्रह चोरीला गेला म्हणून पोलीस चौकीत जायचं आणि तिथे 'किती तोळ्याचा होता?' अशा नजरेला सामोरं जायचं, हे धैर्य माझ्यात नाही. मी त्या गटाच्या चालकाला सरळ निरोप पाठवते. दहातले सहा जण माफी मागून काढून टाकतात. एकाने माफी मागितली आणि दुसऱ्या भागाची पीडीएफ कधी येणार ते विचारलं.

वहीतले बाकीचे रकाने भराभर सांगते. सर्वांत जाड रकाना भाषांतराचा आहे. त्याखालोखाल दुसऱ्यांसाठी लिहिलेल्या मजकुराचा : यूट्यूब वाहिन्यांच्या संहिता, एका उद्योजकाचं आत्मचरित्र (त्यावर माझं नाव नाही, आणि नको होतं), मालिकेचे संवाद. संवादांना भागामागे पैसे मिळतात आणि रात्री अकराला 'उद्या नायिका आजारी आहे, तिचे सीन काढा' असे फोन येतात. त्यानंतर ऑडिओ. मग कार्यशाळा. सर्वांत शेवटी, पातळ, छापील पुस्तकांची रॉयल्टी. फॉलोअर्स नावाचा रकानाच नाही. बावीस हजार आहेत, गेल्या पुस्तकाच्या नोंदणीला त्यातले एकशे चाळीस आले. हे एकशे चाळीस मला नावाने ठाऊक आहेत. त्यांचे नंबर मी स्वतःच्या वहीत उतरवून घेतले आहेत, कारण फेसबुक उद्या माझं पान कुणाला दाखवेल याची खात्री नाही.

कराविषयी एक विनोद. व्यावसायिक मानधनातून आणि रॉयल्टीतून दहा टक्के टीडीएस कापला जातो, तो परत मागायला विवरणपत्र भरा. आयकर कायद्यात लेखकांसाठी एक खास कलम आहे. साहित्यिक पुस्तकांच्या रॉयल्टीवर तीन लाखांपर्यंत वजावट. नव्या करप्रणालीत ती मिळत नाही. माझ्या सीएने हे फार गंभीरपणे समजावून सांगितलं. रॉयल्टीचा आकडा पाहिल्यावर त्याने विषय बदलला.

तर करिअर होऊ शकतं का? माझ्यापुरतं सांगते : तासिका तत्त्वावर मिळत होतं त्याहून थोडं जास्त मिळतं. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला, त्या महिन्यात मी एका तणनाशकाच्या माहितीपत्रकाचं भाषांतर करत होते. त्याचे पैसे वेळेवर आले. सकाळचे दोन तास मात्र मी कुणाला विकत नाही. त्या दोन तासांत जे लिहिलं जातं त्यासाठी बाकीचा दिवस आहे. लेखकांच्या मागच्या पिढीला हे दोन तास बँकेने दिले, मला तणनाशकाने.

कार्यशाळेतल्या मुलांना मी शेवटी एकच गृहपाठ देते. आजवर जिथे जिथे लिहिलं असेल, त्या प्रत्येक मजकुरापुढे लिहा : हा कुणाला दिला, कशासाठी दिला, किती मुदतीसाठी दिला, कागद कुठे आहे. बहुतेकांची पानं कोरी येतात. माझंही २०१४ चं पान तसंच होतं.

मावशीला मी पुढे तो लेख माझ्या नावाने, तारखेसकट, पुन्हा पाठवला. तिने तो वाचून कळवलं : "छान आहे, पण व. पुं.चा वाचला होता त्याची सर नाही."

वाचकहो, हा लेख कुणाला पाठवावासा वाटला तर खुशाल पाठवा. गुलाब लावा, हात जोडा, माझी हरकत नाही. खालचं नाव तेवढं राहू द्या.